कीर्द, खतावणी आणि खोळंबा

दादरच्या पश्चिम अंगास, प्रभादेवीच्या परिसरात, एकीकडून दुसरीकडे सहज चालत जाता येईल इतक्या अंतरावर दोन इमारती उभ्या आहेत, आणि त्या दोहोंशी ज्यांची नावे जोडली गेली ते दोन्ही सरकारी निगम एकाच वर्षी, म्हणजे १९८६ साली, जन्मास आले. वीर सावरकर मार्गावरील टेलिफोन हाऊसमधून महानगर टेलिफोन निगमाचा मुंबईपुरता कारभार चालला. काशिनाथ धुरू मार्गावरील लोकमान्य विदेश संचार भवनातून विदेश संचार निगमाने या शहराचा समुद्रापलीकडील जगाशी संबंध राखला. या इमारतींत चालणाऱ्या बहुतेक कामाचे मर्म दोन कृतींत सामावते: कोणी नाव सांगितले असता त्याचा ठावठिकाणा शोधून देणे, आणि असा शोध कोणी, केव्हा, कोणासाठी घेतला याची नोंद ठेवणे. पहिल्या कृतीचे कौतुक सर्वांस असते. दुसरीकडे कोणी वळूनही पाहत नाही. परंतु शोधून देणाऱ्याचा हात जेव्हा अडतो तेव्हा तो पुष्कळदा शोधापायी अडत नसून नोंदीपायी अडत असतो, ही गोष्ट मुंबईने निरनिराळ्या वेषांत इतक्यांदा पाहिली आहे की तिचा थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

कंपनी सरकारने मुंबईच्या किल्ल्यात जो कारभार केला त्याचे रोजनिशीवजा खंड आज काळ्या घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याच्या पुराभिलेखागारात, ठेवलेले आहेत. झालेली प्रत्येक सल्लामसलत, आलेले आणि गेलेले प्रत्येक महत्त्वाचे पत्र त्या खंडांत उतरवून घ्यावयाचे आणि त्याची नक्कल विलायतेस संचालकांकडे रवाना करावयाची, असा शिरस्ता होता. कंपनीच्या करारबद्ध नोकरांतील अगदी तळच्या पायरीला रायटर असेच नाव होते, यावरून त्या तरुण साहेबांचा दिवस कशात जात असेल ते ताडता येते. मराठी राज्याची रीतही मुळात निराळी नव्हती. पेशवाईतील कागदांवर मोर्तब सूद, सुरू सूद बार अशा ज्या खुणा आढळतात त्या कागद फडावर रुजू होऊन दफ्तरी चढला याची साक्ष देतात, आणि नोंद झाल्यावाचून कागदाने पुढे जाऊ नये ही शिस्त त्यामागे आहे. ही शिस्त संथ खरी. परंतु ते राज्य घोडेस्वाराच्या आणि कंपनीचे राज्य गलबताच्या गतीने चालत होते, आणि कारकुनाची लेखणी घोड्याहून किंवा गलबताहून क्वचितच मंद असे. पत्र पुण्याहून साताऱ्यास जावयास जो काळ लागे त्याच्या मानाने ते बारनिशीत चढविण्यास लागणारा काळ नगण्य होता. लेखणीचा भार जाणवू लागला तो वाहक लेखणीहून शीघ्र झाल्यावर, आणि तो शीघ्र होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

तत्पूर्वी व्यापाऱ्यांनी या प्रश्नाचा एक निर्वाळा करून ठेवला होता, आणि तो मला सरकारी दफ्तरांतील कोणत्याही तजविजीहून अधिक चतुर वाटतो. काळबादेवी, भुलेश्वर, मुळजी जेठा कापडबाजार येथील पेढ्यांवर आणि गिरगावातील लहानमोठ्या दुकानांतूनही हिशेबाच्या मुख्य वह्या दोन असत. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने, एकाखाली एक, ओळ पडत जाई. खतावणीत तोच व्यवहार असामीवार, ज्याच्या त्याच्या नावाच्या पानावर, जाऊन बसे. कीर्दीत लिहिणाऱ्याला कोठलेही पान शोधावे लागत नसे, कारण पुढची ओळ नेहमी मागच्या ओळीखालीच येते. खतावणीसाठी मात्र पाने चाळावी लागत, म्हणून ते काम मुनीम दुपारी किंवा दिवेलागणीनंतर सवडीने करी. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने आपले नाव खतावणीत चढेपर्यंत तिष्ठत राहावे अशी अपेक्षा कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने कधी केली नाही. घडले ते तत्काळ आणि स्वस्तात टिपावे, आणि त्याची मांडणी मागाहून करावी, असा हा दंडक होता.

दलाल स्ट्रीटवर याच दंडकाचे अधिक धाडसी रूप दिसे. १८७५ साली ज्या दलालांनी आपली संघटना बांधली त्यांच्या वारसांनी १९९५च्या मार्चपर्यंत शेअर बाजाराच्या रिंगणात आरडाओरडा करून, हातवारे करून सौदे केले. सौदा तोंडी ठरे, दोघेही आपापल्या वहीत घाईघाईने चार अक्षरे खरडीत आणि पुढच्या सौद्याकडे वळत. संध्याकाळी पेढीवर त्या खरड्यांवरून पक्की नोंद होई आणि दोन्ही बाजूंच्या नोंदींची रुजवात घेतली जाई. ज्यांचा मेळ बसत नसे त्यांचा वांधा निघे आणि तो सोडविण्याची स्वतंत्र व्यवस्था होती. रिंगणाचा वेग राखण्यासाठी काही नोंदी चुकतील, काही हरवतील, हे बाजाराने उघड्या डोळ्यांनी मान्य केले होते; त्या चुकीची किंमत वांध्याच्या रूपाने चुकती होत असे. हिशेबतपासनिसाला हे पाहून घाम फुटेल, पण दिवसाकाठी त्या चौकात जितके सौदे होत तितके प्रत्येकाची पक्की नोंद होईपर्यंत थांबून झाले नसते, हे त्यालाही कबूल करावे लागेल.

परळ-लालबागच्या गिरण्यांत हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे जिची स्थापना केली त्या पहिल्या कापड गिरणीपासून पुढील पाऊणशे वर्षे बदली कामगार कोठून आणावयाचा, कोणास आज खात्यात घ्यावयाचे, याची यादी कोठल्याही वहीत नव्हती. ती मुकादमाच्या डोक्यात होती. सकाळचा भोंगा झाला, चार साचे रिकामे दिसले, की मुकादम फाटकाबाहेर उभ्या असलेल्या घोळक्यातून चार माणसे नावानिशी उचलून आणी, आणि या शोधाला निमिषही लागत नसे, कारण तो कोणास उचलले आणि कोणास वगळले याची कोठेही नोंद करीत नसे. त्या शीघ्रतेची किंमत दस्तुरी होती. नोकरी मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी मुकादमाला द्यावी लागणारी ही रक्कम मजूर आयोगापुढील साक्षींतून चव्हाट्यावर आली. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदलीवर नियंत्रण आणण्याची जी योजना काढली तिच्यात ठरावीक बदली कामगारांना कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, असे ठरले. म्हणजे मुकादमाच्या स्मरणाऐवजी यादी आली, आणि यादीबरोबर तिचा वापर कसा झाला याचा दाखलाही आला. काम त्यामुळे जलद झाले असे कोणी म्हणणार नाही. नोंद ही बहुधा अविश्वासातून जन्मते, आणि ज्या अविश्वासाला कारण असते त्याची नोंद काढून टाकल्यास दस्तुरी परत येते, एवढे या प्रकरणावरून ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले, एका खासगी कंपनीच्या हातून; १९४३ साली ते सरकारने आपल्या ताब्यात घेतले. या दीर्घ काळात शहरातल्या शहरात बोलणे हळूहळू स्वयंचलित यंत्रांकडे गेले, पण परगावी बोलावयाचे तर मानवी मध्यस्थाखेरीज गत्यंतर नव्हते. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना १८० हा क्रमांक आठवेल. तो फिरविला की बुकिंगची बाई उचले, गाव आणि क्रमांक विचारी, कॉल साधा, अर्जंट की लायटनिंग, पी. पी. असल्यास माणसाचे नाव काय, हे सर्व विचारून एका चिठ्ठीवर लिहून घेई. ती चिठ्ठी त्या त्या मार्गाच्या फलकावर बसलेल्या दुसऱ्या बाईकडे जाई. ती मार्ग मोकळा झाला की जोडणी करी, जोडल्याची वेळ टाकी, तीन मिनिटे झाल्याची सूचना देई, संपल्याची वेळ टाकी, आणि मग तीच चिठ्ठी हिशेबखात्यात जाऊन महिन्याच्या बिलाचा आधार बने. चिठ्ठीवाचून कॉल नाही, आणि कॉलवाचून चिठ्ठीला अर्थ नाही, अशी ही जोडगोळी होती. तारा कमी होत्या हे खोळंब्याचे मोठे कारण खरे. पण तारा वाढल्या तरी प्रत्येक कॉलमागे एक मानवी हात, एक पेन्सिल आणि दोन-तीनदा घड्याळाकडे टाकलेली नजर लागणारच होती. फलक वाढविले की बाया वाढवाव्या लागत.

त्याच एक्स्चेंजमध्ये १९७ हा दुसरा क्रमांक होता, नाव सांगून नंबर विचारण्याचा. तेथील काम निव्वळ शोधाचे. जाडजूड डिरेक्टरी आणि तिच्यानंतर झालेल्या फेरफारांच्या याद्या समोर, एकाच आडनावाची आणि एकाच आद्याक्षरांची माणसे पानेच्या पाने, पत्त्यावरून त्यांची निवड करावयाची. काम बुद्धीचे आणि थकविणारे होते. पण येथे कोणी कोणाचा नंबर विचारला याची चिठ्ठी होत नसे, कारण त्यावर बिल आकारावयाचे नव्हते. टेलिफोनच्या धंद्यात जगभर अशा ठिकाणी किती विचारणा झाल्या एवढेच मोजण्याची पद्धत असे; प्रत्येक विचारणेमागे छिद्रांच्या ओळीत एक खुंटी पुढे सरकवावयाची, आणि तेही बारमाही नव्हे, ठरावीक दिवशी. किती माणसे नेमावयाची एवढे कळण्यापुरती ती गणती पुरेशी होती. ज्या कारणासाठी नोंद हवी तेवढीच ती करावी, हे खुंट्या सरकविणाऱ्यांना जितके स्पष्ट होते तितके त्यांच्यानंतर आलेल्यांना राहिले नाही.

१९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान ग्राहकाने स्वतः डायल करून परगावी बोलण्याची सोय झाली आणि पुढे ती मुंबईसही आली. येथे चिठ्ठी गेली. तिच्या जागी ग्राहकागणिक एक गणक आला, जो बोलण्याच्या अवधीप्रमाणे आणि अंतराप्रमाणे टिकटिक करीत पुढे सरके. एक्स्चेंजमध्ये असे हजारो गणक एकामागून एक रांगांनी लावलेले असत, आणि ठरलेल्या मुदतीने त्यांचे छायाचित्र घेऊन आकडे वाचले जात. खोळंबा संपला, परंतु सारी माहितीही त्याबरोबर संपली. कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, किती मिनिटे बोलणे झाले हे तो गणक जाणत नसे. त्याला फक्त बेरीज ठाऊक. मग बिल अवाच्या सवा आले की ग्राहकाने आपण बोललोच नाही म्हणावे आणि खात्याने गणकाकडे बोट दाखवावे, यापलीकडे वाद जाणार कसा? सत्तर-ऐंशीच्या दशकांत फुगलेल्या बिलांच्या तक्रारींनी वृत्तपत्रांचे रकाने भरलेले असत, त्याचे मूळ लबाडीत असेल तितकेच या मुक्या नोंदीत होते. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे येऊन प्रत्येक कॉलचा तपशील पुन्हा मिळू लागला तेव्हा कोठे त्या तक्रारींना पुरावा लाभला. चिठ्ठीने काम अडे. गणकाने न्याय अडला.

आता जो भाग सांगावयाचा तो यंत्रांच्या भाषेतला असला तरी त्याची वंशावळ याच एक्स्चेंजमध्ये आहे. १९८८ साली जगातील टेलिफोन खात्यांच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने संगणकावरील डिरेक्टरीसाठी एक्स-५०० या नावाचे मानक प्रसिद्ध केले, आणि त्यामागील कल्पना १९७ क्रमांकाचीच होती: जगातील प्रत्येक व्यक्तीचे आणि संस्थेचे नाव एका शाखायुक्त वृक्षात ठेवावे, देश, संस्था, विभाग, व्यक्ती अशा पायऱ्यांनी उतरत जावे आणि विचारणाऱ्याला ठावठिकाणा द्यावा. मानक भव्य होते आणि भव्यतेमुळेच जड होते. १९९३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील टिम हाऊज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हलके रूप, एलडॅप, पुढे आणले. १९९५ साली त्याच विद्यापीठातून स्लॅपडी हा स्वतंत्र डिरेक्टरी सर्व्हर बाहेर पडला, आणि १९९८ पासून तो ओपन-एलडॅप या नावाने, कोणालाही मोफत घेता येईल अशा रीतीने, वाढू लागला. या सर्वांचे एक गृहीतक समान होते: डिरेक्टरी वाचली जाते फार आणि लिहिली जाते क्वचित. माणसाचा हुद्दा वर्षातून एखाद्या वेळी बदलतो, पण त्याचे नाव दिवसातून शेकडो वेळा शोधले जाते. म्हणून वाचन जितके शीघ्र करता येईल तितके करावे आणि त्यासाठी लेखन थोडे मंद झाले तरी चालेल, या एका सूत्रावर या सर्व्हरांची रचना झाली.

मुंबईत विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या शहराचा नकाशा हळूहळू बदलला. १९८२च्या संपानंतर ज्या गिरण्यांची धुराडी थंडावली त्यांच्या आवारांत, लोअर परळच्या कमला मिलसारख्या ठिकाणी, कचेऱ्या आल्या. जेथे मुकादम माणसे मोजी तेथे शेकडो संगणक सकाळी एकाच सुमारास आपल्या मालकाची ओळख पटवून मागू लागले. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत, संगणकविषयक मासिकांबरोबर लिनक्सच्या तबकड्या येत, आणि एखादा उत्साही तरुण फारसा खर्च न करता कचेरीभर पुरेल असा डिरेक्टरी सर्व्हर उभारून देई. कोणी कोणत्या फायली पाहाव्या, कोणाचे टपाल कोठे जावे, हे सर्व त्या सर्व्हराला विचारल्याखेरीज होत नसे.

स्लॅपडी आपल्या नोंदी स्वतः लिहीत नसे. त्यासाठी त्याने सिसलॉग नावाच्या एका जुन्या कारकुनाचे साहाय्य घेतले होते, ज्याला ऐंशीच्या दशकारंभी बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालाच्या प्रणालीसाठी निर्माण केले होते. कोणत्याही प्रणालीने आपली हकीकत एका ठरलेल्या झरोक्यातून त्याच्याकडे सरकवावी आणि त्याने ती योग्य त्या फायलीत उतरवावी, असा त्याचा शिरस्ता. टपालाच्या काळात, दूरदूरच्या यंत्रांच्या मंदगती संवादाच्या काळात, तो उत्तम चालला. परंतु स्लॅपडीच्या नेहमीच्या नोंदपातळीवर, जिला २५६ हा आकडा आहे, एका साध्या शोधामागे किती ओळी पडतात ते पाहावे: अमुक ठिकाणाहून कोणी आले ही एक, त्याने कोणते नाव सांगितले ही दुसरी, ते नाव कोणत्या रीतीने तपासले ही तिसरी, तपासाचा निकाल ही चौथी, त्याने काय शोधले ही पाचवी, शोधाचा निकाल ही सहावी, त्याने निरोप घेतला ही सातवी, दार लागले ही आठवी. एका प्रश्नाला आठ ओळी! ज्या सर्व्हराची सारी रचना वाचनासाठी झाली त्याचे प्रत्येक वाचन अशा रीतीने लेखन होऊन बसले.

त्यातही खरी मेख सिसलॉगच्या सावधपणात होती. त्या काळच्या लिनक्सवरील सिसलॉग प्रत्येक ओळ लिहून झाली की ती तबकडीवर खरोखर उमटली याची खात्री होईपर्यंत पुढे सरकत नसे, जेणेकरून यंत्र अचानक बंद पडले तरी शेवटचा शब्द हाती लागावा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. प्रत्येक ओळीमागे ढोबळ मानाने एक फेरा थांबावे लागले, तर सेकंदाला जेमतेम १२० ओळी होतात, आणि आठ ओळींच्या हिशेबाने पंधरा शोध. तोच शोध स्मृतीतून काढावयास सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. शिवाय स्लॅपडीचे अनेक धागे एकाच वेळी निरनिराळ्या विचारणांना उत्तरे देत असले तरी नोंद सरकविण्याचा झरोका एकच, आणि त्या झरोक्यावर कुलूपही एकच; म्हणून कारकून मागे पडला की सारे धागे त्या एका खिडकीपाशी रांगेने उभे राहत. यंत्राचा मेंदू रिकामा, स्मृती रिकामी, आणि गिऱ्हाइके मात्र खोळंबलेली, असे विचित्र दृश्य जेथे जेथे दिसे तेथे पुष्कळांनी अधिक शक्तीचे यंत्र विकत घेण्याचा उपाय केला. जादा पैसे मोजून बॅटरीचा आधार असलेली साठवण घेतली तर दुखणे काहीसे शमे हे खरे; बाकी नव्या मेंदूने जुन्या तबकडीचा फेरा काही जलद होत नाही.

इलाज वस्तुतः एका चिन्हाचा होता. सिसलॉगच्या संरचनेच्या फायलीत ज्या फायलीचे नाव लिहावयाचे त्याच्यापूर्वी एक उणे चिन्ह घातले की प्रत्येक ओळीमागील ती खात्री करून घेण्याचा नाद सुटतो. टपालाच्या नोंदींसाठी वितरकांनी ते चिन्ह आधीच घालून दिलेले असे, कारण टपालाच्या नोंदींचा भार त्यांनी भोगला होता. डिरेक्टरीच्या नोंदी मात्र स्थानिक-४ या शीर्षाखाली येत आणि त्यांच्यासाठी मुळात ओळच नसे. ती कारभाऱ्याने स्वतः घालावयाची. कोठल्या तरी मार्गदर्शिकेवरून ती उतरवून घेताना उणे चिन्ह गळून जाई, आणि फाईल बिनबोभाट चालू लागल्यामुळे ते गळाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नसे. एवढेच नव्हे, तर जेथे ती ओळ कोणी घातलीच नाही तेथेही स्लॅपडी हकीकत झरोक्यातून सरकवीतच राही, सिसलॉग ती वाचून टाकून देई, आणि वाचण्याची व टाकून देण्याची मजुरी दोघांकडूनही वसूल होई. कोणीही न वाचावयाच्या टिपणासाठी केलेला हा खर्च पाहून कंपनी सरकारच्या रायटरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

निराळ्या घराण्यांनी निराळे मार्ग काढले. टिम हाऊज पुढे ज्या नेटस्केप कंपनीत गेले तिच्या डिरेक्टरी सर्व्हरने नोंदी स्मृतीत साठवून घाऊक रीतीने तबकडीवर उतरविण्याची रीत पत्करली. दलाल स्ट्रीटवरील खरड्यासारखाच हा प्रकार, आणि त्यातला धोकाही तोच, की मध्येच वीज गेली तर शेवटचे सौदे गेले. इतर काहींनी नोंदी जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे धाडण्याचा मार्ग धरला, पण सिसलॉगची जुनी टपालपद्धत पोच न मागणारी असल्यामुळे गर्दीच्या वेळी काही ओळी वाटेतच नाहीशा होत आणि नाहीशा झाल्याचे कोणाला कळतही नसे. ओपन-एलडॅपच्या कर्त्यांनी आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्टच बजावले की बारीकसारीक तपासासाठी सिसलॉगवर विसंबू नये, तो मंद आहे आणि न झेपल्यास ओळी टाकून देतो. तरीही दोष सापडेना म्हणजे सारी नोंदपातळी खुली करण्याचा मोह कारभाऱ्यांना आवरत नसे, आणि आधीच अडखळणारा सर्व्हर त्या औषधाने पुरता आडवा होई.

मग नोंद सरसकट बंदच का करू नये? अनेकांनी केली, आणि काही काळ त्यांचे सर्व्हर वाऱ्यासारखे पळाले. परंतु याच नोंदींत अधूनमधून एक ओळ येत असे की अमुक गुणावर सूची बांधलेली नाही. म्हणजे त्या गुणावरून शोध घ्यावयाचा झाल्यास सर्व्हर सारी खतावणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळतो आहे. पुष्कळ ठिकाणी दुसरे खरे दुखणे तेच होते, आणि ज्याने नोंद मिटविली त्याने ते सांगणारे तोंडही मिटविले. शिवाय कोणी कोणाच्या नावाने प्रवेश केला, कोणाचे संकेतवचन किती वेळा चुकले, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि येथे मुकादमाची गोष्ट पुन्हा आठवावी. नोंद न करता शोध देणारा जलद असतो खरा, पण त्याचा वेग कोणाच्या पदरी पडतो हे कोणालाच सांगता येत नाही.

हळूहळू यंत्रे सुधारली. २००४ पासून वाढलेल्या आर-सिसलॉग या नव्या कारकुनाने पुढे प्रत्येक ओळीमागे खात्री करून घेण्याची सक्ती आपण होऊन सोडली. २०११ साली ओपन-एलडॅपच्या कर्त्यांनी एलएमडीबी ही नवी साठवण आणली, जिच्यात वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. आणि शोध इतका शीघ्र झाल्यावर उरलेला खर्च नोंदीचाच आहे हे अधिकच उघडे पडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत सिसलॉगला वगळून स्वतःच फाईल लिहिण्याची सोय स्लॅपडीला मिळाली. कारकुनामार्फत लिहिण्यापेक्षा मालकाने स्वतः कीर्द लिहावी, हे समजण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला, याचे मुळजी जेठा बाजारातील मुनिमाला खचितच हसू आले असते.

सरकारने आता या प्रकरणात आपला हुकूमही घातला आहे. संगणकीय आपत्तींशी संबंधित सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सर्व माहिती-तंत्र प्रणालींच्या नोंदी चालू ठेवणे आणि त्या १८० दिवस सांभाळणे बंधनकारक झाले आहे. तेव्हा वेगासाठी नोंद मिटविण्याचा सोपा मार्ग या देशापुरता बंद झाला, आणि माझ्या मते तो बंद झाला हे ठीकच झाले. मात्र नव्या लिनक्समधील नोंदपाल थोड्या काळात फार ओळी आल्या तर त्यांतील काही दडपून टाकतो आणि इतक्या दडपल्या एवढेच सांगून मोकळा होतो, हे पुष्कळ कारभाऱ्यांना ठाऊक नसते. म्हणून परळच्या असो वा फोर्टच्या, ज्यांच्या कचेरीत डिरेक्टरी सर्व्हर आहे त्यांना एवढीच विनंती की तो मंद वाटला तर नवे यंत्र मागविण्यापूर्वी त्याच्या नोंदी कोणत्या तबकडीवर, कोणाच्या हातून आणि किती ओळींनी उतरत आहेत ते पाहावे, आणि तो जलद वाटला तर त्यांतील किती ओळी गळून जात आहेत तेही पाहावे.